टाकीतली नीळ

बॉनेट उघडलं तेव्हा आत होतं ते असं: इंजिन एक, बॅटरी एक, पाण्याचे रबरी पाइप तीन, ते आवळायला चार क्लिपा आणि क्लिपा संपल्या तिथं दोन ठिकाणी तार, कपडे वाळत घालायचे चिमटे पाच, त्यांतले तीन काहीतरी धरून होते आणि दोन नुसतेच सोबतीला, कुठल्याशा हॉटेलचा अर्धा टॉवेल, आणि डाव्या कोपऱ्यात कूलंटची टाकी. ही टाकी मुळात दुधी प्लास्टिकची असते. तिच्यावर दोन आडव्या रेषा असतात आणि आतलं पाणी त्या दोन रेषांच्या मधे बाहेरूनच दिसावं अशी सोय असते. या टाकीचा रंग मात्र शाईच्या दौतीसारखा झाला होता. रेषा बोटांनी चाचपल्या तर लागत होत्या, पण आत पाणी आहे की नुसता अंधार, ते कळायला मार्ग नव्हता.

सूनबाईनं टाकीवरून बोट फिरवलं. खालच्या शिवणीपाशी बोट ओलं झालं आणि निळंही झालं.

निळ्या बोटाचं त्या घरात कुणाला काही वाटत नसे. घर लाँड्रीचं होतं. खाली धुलाईची यंत्रं, बॉयलर आणि इस्त्रीची लांबलचक टेबलं, वर राहायच्या खोल्या, आणि मागच्या अंगणात ही व्हॅन, जिला सगळे म्हातारी म्हणत. हॉटेलांच्या आणि इस्पितळाच्या चादरी आणायच्या, धुऊन, नीळ देऊन, घडी करून परत पोचवायच्या, हा धंदा. नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्याला पांढरं दिसायला लावणारी निळी पूड. ती पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते, म्हणून फडक्यातून गाळून घ्यावी लागते. नाही तर चादरीवर ठिपके पडतात. एवढं शास्त्र त्या घरात लहान पोरालाही ठाऊक असे.

गाडीचं शास्त्र मात्र सासऱ्यांच्या ताब्यात होतं. त्यांना घरात सगळे मालक म्हणत, सासूबाईसुद्धा. मालकांनी उभ्या आयुष्यात गाडी चालवली नव्हती, त्यामुळे गाडीबद्दल त्यांचं मत कधी बदललं नव्हतं. रोज सकाळी बॉयलरचा काटा बघून झाला की ते अंगणात येत, बॉनेट उघडायला लावत, आणि डॉक्टर जीभ बघतो तसे टाकीकडे बघत. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं औषधी पाणी. ते साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि आतून गंज धरू देत नाही. मालकांनी आणलेला पहिला कॅन निळ्या कूलंटचा होता. तेव्हापासून कसोटी एकच. निळं आहे ना? मग आहे.

सूनबाई ही कसोटी गेलं वर्षभर उत्तीर्ण होत होती, आणि कशी, ते तिचं तिलाच ठाऊक होतं. एका सकाळी टाकी अर्धी झालेली, कूलंटचा कॅन रिकामा, गाडीत चादरी भरलेल्या, आणि जिन्यावर मालकांच्या चपला वाजत होत्या. तिनं नळाचं पाणी ओतलं आणि त्यात चिमूटभर नीळ टाकली. मालकांनी वाकून बघितलं आणि छान म्हणाले. दुधाची तहान ताकावर भागते, हे ऐकून होतो. पण ताकाला कुणी छान म्हणालं की दूध आणायला उठतं कोण? तिला तोंडानं खोटं बोलणं जमत नसे. रंगानं बोलणं जमलं. त्यानंतर अधूनमधून, पाणी उतरलंसं वाटलं की, एक मग आणि एक चिमूट.

‘वाटलं’ म्हणायचं कारण, ते फार उतरत नसे. एवढी जुनी गाडी, आणि पाणी इतकं कमी पिते, याचं तिला कौतुकच होतं.

मग म्हातारी उकळली. इस्पितळ टेकडीवर होतं आणि रस्ता सरळ चढाचा. अर्ध्या चढावर काटा लाल पट्ट्यात गेला आणि बॉनेटखालून वाफ निघाली. धाकटे दीर शेजारी बसले होते. वहिनी, आता वरच्या वर इस्त्रीही होऊन जाईल, असं म्हणून ते खाली उतरले. त्या दिवशी हसून निभावलं. दुसऱ्यांदा उकळली तेव्हा कुणी हसलं नाही, कारण शस्त्रक्रियेच्या खोलीच्या चादरी वेळेवर पोचल्या नाहीत. तिथल्या मुख्य नर्सबाईंनी शांतपणे सांगितलं की पुन्हा असं झालं तर त्यांना दुसरी लाँड्री बघावी लागेल.

मालकांनी त्या संध्याकाळी जेवताना निकाल दिला. आणखी एकदा उकळली की म्हातारी भंगारात. पोचवायचं काम भाड्याच्या टेम्पोला. सूनबाई परत इस्त्रीच्या टेबलावर.

इस्त्रीचं टेबल ही काही शिक्षा नव्हती. सासूबाई जन्मभर तिथंच उभ्या होत्या. पण सूनबाईही तिथं सात वर्षं उभी राहिली होती. भिंतीकडे तोंड, खाली वाफ, वर पंखा, आणि पंखा लावला की घड्या उडतात म्हणून तो बंद. गाडी शिकली ती एका हिवाळ्यात, नवऱ्याच्या पाठीला उसण भरली म्हणून. उसण गेली तरी किल्ली तिच्याकडेच राहिली. टेकडीवर चढताना खिडकीतून वारा येई आणि तेवढा वेळ तिला कुणी हाक मारू शकत नसे. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर घरच्यांनी तिला सोबत म्हणून कुणीतरी दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा मेकॅनिक येऊन गेला. त्याला सगळे वस्ताद म्हणत, मुख्यतः त्यानंच तसं सांगितल्यामुळे. त्यानं बॉनेट उघडलं, मान हलवली आणि इंजिन उतरवावं लागेल म्हणाला. गेल्या वेळी हॉर्न वाजत नव्हता तेव्हाही त्याचं निदान हेच होतं. सूनबाईनं त्याला टाकीची ओली शिवण दाखवली. ती तर आहेच, असं म्हणून तो निघून गेला.

टाकी आपणच बदलायची असं तिनं ठरवलं. दोन बोल्ट, तीन पाइप. त्यात देवाघरचं असं काही नव्हतं.

नवी टाकी मिळवणं त्याहून अवघड निघालं. सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसानं गाडी कोणत्या सालची असं विचारलं आणि तिनं साल सांगितल्यावर आधी गाडीच्या तब्येतीची चौकशी केली. कंपनीनं ते मॉडेल बंद करून जमाना झाला होता. मग तो माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एक टाकी घेऊन खाली आला.

"बसेल का?" तिनं विचारलं.

"बसवली तर बसेल."

तिनं पर्समधून चादरी मापायची टेप काढली. बोल्टांच्या भोकांमधलं अंतर मापलं, नळ्यांची जाडी मापली, घरून कागदावर घेतलेल्या मापांशी ताडून बघितलं. एक नळी दीड मिलिमीटर जाड होती. रबर तेवढं ताणतं. तिनं टाकी घेतली, नवं झाकण घेतलं, सहा क्लिपा घेतल्या आणि निळं कूलंट मागितलं. दुकानात फक्त हिरवं होतं. दुकानदार म्हणाला, ताई, काम तेच करतं, इंजिनाला कुठे रंग दिसतोय? ती म्हणाली, इंजिनाला नाही दिसत, पण आमच्याकडे इंजिनाला विचारत नाहीत. तरी तिनं हिरवं घेतलं, कारण चढ दोन दिवसांवर होता.

रविवारी, इंजिन पूर्ण थंड असताना, अंगणात काम निघालं. खाली कपडे धुवायचं मोठं घमेलं ठेवलं. सगळं घर गोळा झालं. सासूबाई स्टुलावर बसल्या. नवरा हात मागे बांधून उभा राहिला. तो मूळचा अबोल माणूस, बॉयलरशी दिवसभर बोलून संध्याकाळी त्याचे शब्द संपलेले असत. दीर टॉर्च धरून उभे होते, आणि ऊन असल्यामुळे त्यांना तो बंद ठेवावा लागला. मालक वर, गॅलरीत.

तिनं झाकण हळूहळू सैल केलं. तार सोडली, क्लिपा सोडल्या, खालचा पाइप ओढला आणि घमेल्यात पाणी पडायची वाट बघितली.

पाणी पडलं नाही. थोड्या वेळानं पाइपाच्या तोंडाशी काहीतरी आलं, थांबलं, विचार केल्यासारखं लोंबलं, आणि मग गोळा होऊन घमेल्यात पडलं. गर्द निळं, चकचकीत, घट्ट. त्यामागून दुसरा गोळा आला.

दीर वाकले. त्यांनी ते दोन बोटांत घेऊन चोळलं आणि ज्या माणसानं हजार कॉलर कडक केल्या आहेत त्याच्या स्वरात म्हणाले, "ही खळ आहे."

ती खळच होती. शर्टांना कडकपणा यावा म्हणून शिजवून लावतात ती, खास घरची. आणि तिच्या प्रत्येक थरात नीळ होती, नीट बसलेली, एखाद्या टेकडीच्या कड्यात मातीचे पट्टे दिसावेत तशी.

सूनबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं चिमूटभर घातली होती, कबूल. वर्षभराच्या चिमट्या धरल्या तरी मूठ होते. घमेल्यात ओंजळभर होती. तिनं मनात भागाकार करून बघितला आणि मान वर केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्या अंगणात त्या वेळी, भर दुपारी, निदान तीन मनांत टिपूर चांदणं पडलेलं होतं.

"मी आपली थोडी घालत होते," ती म्हणाली. "पाणी घातलं की. मालकांना निळं दिसावं म्हणून."

सासूबाई स्टुलावर सरकल्या. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि त्याही घालत होत्या असं सांगितलं. पोरगी सकाळी घाईत असते, विसरली तर मालकांची बोलणी खाईल, म्हणून तिच्या आधी उठून. पाणी आणि नीळ. पण आपण निष्काळजीपणा केलेला नाही, हे त्यांना सगळ्यांच्या कानावर घालायचं होतं.

"मी मात्र गाळून घातली," त्या म्हणाल्या. "ठिपके पडायला नकोत."

दिरांनी आपणही घातल्याचं असं सांगितलं की जणू ते कुणी विचारलंच होतं. ते रात्री, गाडी धुताना. राहिला नवरा. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याला टाकीच्या शिवणीतून थेंब गळताना दिसला होता, एकदा नव्हे, बरेचदा. बायकोला सांगितलं असतं तर तिला काळजी लागली असती, वडिलांना सांगितलं असतं तर गाडी गेली असती. म्हणून फट बुजावी यासाठी त्यानं खळ घातली. फट खळीनं बुजते हे त्याला बॉयलरच्या एका जुन्या नळीवरून ठाऊक होतं. खळ पांढरी दिसत होती, म्हणून मग नीळ.

तर म्हातारी पाणी कमी पीत नव्हती. ती चार घरच्या पाहुण्यासारखी दिवसातून चारदा पीत होती आणि प्रत्येक यजमानाला वाटत होतं, काय बिचारीचा आहार. सगळे एका माळेचे मणी. फक्त दोरा कुणालाच दिसत नव्हता. टाकीत कूलंटचा एक थेंब शिल्लक असण्याचं काही कारण नव्हतं.

वर गॅलरीत मालक कठड्यावरून वाकून बघत होते. कठड्यावर ठेवलेल्या त्यांच्या अंगठ्याला नीळ होती. पण ती गेली चाळीस वर्षं होती, तेव्हा पुरावा म्हणून तिचा उपयोग नव्हता.

पुढचं काम सोपं होतं, फक्त कंटाळवाणं. जुनी टाकी काढली. रेडिएटरमधून बॉयलरचं मऊ पाणी सोडलं, काढलं, पुन्हा सोडलं. आधी निळं आलं, मग आकाशी, मग खूप वेळ हॉटेलच्या चादरीसारखं, म्हणजे पांढरं आहे असा ठाम दावा करणारं. स्वच्छ पाणी आलं तेव्हा नवी टाकी बसवली. जाड नळीवर पाइप चढेना; सासूबाईंनी पाइपाचं टोक गरम पाण्यात बुडवायला सांगितलं आणि तो चढला. हिरवं कूलंट भरलं. मग झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, हीटर पूर्ण सोडला, आणि नवरा वरचा पाइप हातानं दाबत राहिला, म्हणजे आत अडकलेली हवा बाहेर यावी. हवा बुडबुड्यांनी येत होती आणि दर बुडबुड्याला तो मान डोलवत होता. सूनबाईला त्याचा थोडा राग आला होता आणि थोडी मायाही आली होती. दोन्हींचं मिश्रण साधारण निम्मं-निम्मं होतं.

चिमट्यांचं काय करायचं असं दिरांनी विचारलं. सासूबाईंनी ते धुऊन दोरीवर लावले.

चढाच्या दिवशी मालक स्वतः पुढच्या सीटवर येऊन बसले. मांडीवर काहीतरी असावं म्हणून त्यांनी उशांच्या अभ्र्यांचं एक गाठोडं घेतलं. गाडी टेकडीला लागल्यापासून ते रस्त्याकडे न बघता काट्याकडे बघत होते, आणि सूनबाई काट्याकडे न बघता रस्त्याकडे. ज्या वळणावर दोन्ही वेळा वाफ निघाली होती तिथं मालकांनी गाठोडं घट्ट धरलं. काटा अर्ध्यावर होता. पुढच्या वळणावरही तो अर्ध्यावरच होता. खिडकीतून वारा येत होता. सोबत माणूस असूनही तो आला, याची तिनं मनात नोंद घेतली.

इस्पितळाच्या दारात चादरी उतरल्या. नर्सबाईंनी गठ्ठे मोजून घेतले आणि आज गाडी चांगली आली म्हणाल्या. सूनबाईला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मालकांनी बॉनेट उघडायला सांगितलं.

नवी टाकी दुधी, लख्ख, आरपार. आतलं पाणी लांबूनही दिसत होतं. मालक बराच वेळ बघत राहिले.

"हे हिरवं आहे," ते म्हणाले.

तिनं सगळं सांगितलं: कंपनी वेगळी, रंग वेगळा, गुण तोच, गाडी चढली, काटा अर्ध्यावर. मालक प्रत्येक वाक्याला हं म्हणत होते आणि दर हं-नंतर पुन्हा हिरव्याकडे बघत होते. चढली ती एकदा चढली, असं त्यांचं म्हणणं. निळ्यावर ती वर्षानुवर्षं चढत आली होती. सूनबाईच्या जिभेवर आलं की ते निळं काय होतं ते घमेल्यात बघितलंत ना, पण ते गिळून ती म्हणाली, "मालक, रंग नका बघू. रेष बघा. रंग कुणालाही देता येतो."

मालकांनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे. परतीच्या वाटेवर, उतार संपता संपता, ते म्हणाले की बरं, रेष तर रेष.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी नवा नियम सगळ्यांसमोर जाहीर केला. रंगाचं आता काही नाही, पाणी किती आहे ते मापायचं. गाडी थंड झाली आहे, तेव्हा आत्ता एकदा मापा, उद्या सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पुन्हा मापा. पाणी उतरलं, तर टाकी गळते आहे आणि किल्ली खुंटीला. तसूभरही उतरलं नाही, तर किल्ली कायमची सूनबाईची, मग ते पाणी जांभळं का असेना. एवढं शास्त्रशुद्ध वाक्य त्या जेवणघरात पहिल्यांदाच बोललं गेलं होतं. सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या. सासूबाईंनी सुनेच्या ताटात न विचारता आणखी वाढलं. नवऱ्यानं तिच्याकडे बघून, कळेल न कळेल असं, डोळे मिटले. दीर म्हणाले, वहिनी, निवांत झोपा, आम्ही आहोत ना.

तिनं टेप लावली. वरची रेष खालच्या रेषेपासून तीस मिलिमीटरवर होती. पाणी खालच्या रेषेपासून बावीस मिलिमीटरवर होतं. सगळ्यांनी आळीपाळीनं वाकून आकडा बघितला, मालकांनी चष्मा लावून. टाकी कोरडी होती, शिवणी कोरड्या होत्या, खाली जमिनीवर टाकलेलं पांढरं फडकंही कोरडं होतं. तिनं झाकण हातानं घट्ट केलं आणि ती वर झोपायला गेली. गळणार नाही याची तिला खात्री होती.

सकाळी ती खाली आली तेव्हा घरातले सगळे तिच्या आधी उठून आपापल्या कामाला लागलेले होते. बॉयलर पेटला होता. सासूबाई टेबलाशी उभ्या होत्या. दीर दोरीवरचे चिमटे सारखे करत होते. मालक बॉनेटजवळ हात पुसत उभे होते. त्यांनी तिला मापायला सांगितलं.

जमिनीवरचं फडकं कोरडं होतं. तिनं टेप लावली, डोळा पाण्याच्या पातळीला आणला आणि आकडा मोठ्यानं वाचला.

खालच्या रेषेपासून एकेचाळीस मिलिमीटर.